द्वारकाबाई भाकीत सांगत नसत

वच्छलावर अन्याय झाला तो तिच्या पाचवीच्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या सकाळी, दवाखान्यात झाडझूड चालू असताना. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी तिला वच्छला हे नाव नव्हतं. खामगावकडच्या उंद्री गावातल्या गोदाबाईची आठमाशी पोर, एवढीच तिची ओळख. नाळ घरीच विळ्यानं कापलेली, वर चुलीतली राख दाबलेली. दोन दिवसांत बेंबीतून पू आला, अंग गार पडलं आणि हातपाय ताठ करून पोरीला आकडी यायला लागली. आधी बैलगाडी, मग मोटार, असं करत तिला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. पाचवीच्या सकाळी त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पोरीच्या फुगलेल्या टाळूकडे पाहिलं, आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जंतू मेंदूपर्यंत गेलेत. ही जगणार नाही. जगलीच तर मातीचा गोळा होईल. घरी घेऊन जा."

त्या डॉक्टरांचं नाव मी इथं देत नाही. त्यांच्यावर दया म्हणून नव्हे. नाव दिलं की तुम्ही सगळा राग त्यांच्यावर काढून मोकळे व्हाल, आणि मला तुम्हाला मोकळं सोडायचं नाही.

कारण पुढचं पाप घरी झालं. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आपल्याकडे रीत आहे. गोदाबाईच्या सासूनं त्या संध्याकाळी पाटा मांडला नाही, कागद ठेवला नाही. "लिहून झालं," ती म्हणाली. "डाक्टरच्या तोंडून सांगतलं सटवाईनं. आता आणखी कायले लिवायले लावता तिले?"

ठरलं. बारसं नाही, पाळणा नाही, काजळ-तीट नाही. गोदाबाईनं सासूच्या नकळत गावच्या कंपाउंडरकडून उरलेली इंजेक्शनं पोरीला टोचवून घेतली, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, आणि पोरगी मेली नाही. पण मेली नाही म्हणून कोणी तिला जिवंतही धरलं नाही. गोठ्याशेजारी पोत्यावर ती पडून असायची. घरात तिला "येडी" म्हणत. चार वर्षांची झाली तरी तिच्याशी पुरं एक वाक्य कोणी बोललेलं नव्हतं.

डॉ. द्वारकाबाई वानखडे यांच्याविषयी लिहायला बसलो आणि आधी ही पोरगीच पुढे आली. बाईंनाही ते आवडलं असतं. दवाखान्यात कोणी त्यांच्या पाया पडायला वाकला की त्या म्हणत, "मले काय पाहता? लेकराकडे पाहा."

खामगावात कापसाच्या जिनिंगच्या बाजूला एक धर्मादाय दवाखाना आहे. त्यात लेकरांचा विभाग म्हणजे एक लांबट खोली आणि पुढे व्हरांडा. बाई तिथं होत्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिंप्याची टेप. बाकीच्या डॉक्टरांच्या गळ्यात छाती तपासायची नळी असते. बाईंची नळी खिशात कोंबलेली असायची आणि टेप गळ्यात. आजारातून उठलेल्या लेकराचं डोकं दर खेपेला मोजायचं, मेंदूत पाणी साचायला लागलं तर तिथंच आधी कळतं, हा त्यांचा नेम. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, डाक्टरीण का शिंपीण तुमी?" बाई म्हणाल्या, "शिंपीणच. देवानं कापड बेतलं अन् शिलाई माह्याकडे धाडली. हात धुतले का तुम्ही?"

हात धुणं हा त्यांचा दुसरा नेम. कोपरापर्यंत. कापसाचे व्यापारी, गावचे पाटील, मारुतीचा पुजारी, कोणालाही सूट नव्हती. आत जाताना ज्यानं हात धुतले नाहीत त्याला त्या बाहेर काढत आणि वर सगळ्यांसमोर विचारत, "तुमच्या लेकराले कोणतं जहर आवडते, आपलं का शेजाऱ्याचं?" दिवस भरण्याआधी झालेल्या लेकराला मोठ्या माणसाचा नुसता हात लागला तरी पू होतो, रक्तात जातो, रक्तातून मेंदूत जातो, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की बाहेर चहा विकणारासुद्धा ते गिऱ्हाइकांना सांगायचा.

अशा लेकरांना ऊब देण्याची पेटी त्या खोलीत नव्हती. होता तो लाकडी खोका, त्यात विजेचे दिवे, आणि दिवे गेले की गरम पाण्याच्या बाटल्या. आणि रुई. जिनिंगमधून आणलेली स्वच्छ रुई बाई वाफेच्या डब्यात घालून निर्जंतुक करून घेत आणि लेकरू त्यात गळ्यापर्यंत गुंडाळत. बोंडात सरकी दिसावी तसं ते दिसायचं. "माह्या सरक्या," असंच त्या म्हणत. नागपूरला शिकून आल्या तरी त्यांची भाषा मेहकर तालुक्यातलीच राहिली. पुण्याकडचे कोणी पाहुणे आले की त्यांना वाटायचं ही नर्स असेल, डॉक्टर आत बसले असतील. बाई त्यांना आत पाठवून द्यायच्या आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसू द्यायच्या.

आता मूळ गोष्ट. खोक्यातलं लेकरू जरा सावरलं, आकडी थांबली, की प्रत्येक आई तोच प्रश्न विचारते. जगंल का, हा पहिला. तो मागे पडला की दुसरा: "बाई, शहाणं होईल ना?" बाई त्याचं उत्तर देत नसत. रडा, पाया पडा, ओळख लावा. त्या स्वच्छ धुतलेली करंगळी लेकराच्या तोंडात घालत, कसं चोखतं ते पाहत, मग तीन बोटं टाळूवर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "आज चोखून राह्यलं. टाळू बसली. उद्याचं उद्या."

एका ज्योतिषीबुवांचा नातू असाच खोक्यात होता. बुवांनी पत्रिका करून आणली आणि म्हणाले, "मी माझं सांगतो, तुम्ही तुमचं सांगा. जमतं का पाहू." बाई म्हणाल्या, "तुमचं तुम्हीच ठेवा बुवा. अन् माह्यापाशी सांगायले काही असतं तर मी तुमच्यासारखी लोडाले टेकून नसती बसली?"

लोकांना वाटायचं, बाईंना कळतच नसेल. कळत होतं. आकडी किती लांबली, लेकरू कधी चोखायला लागलं, दिव्याकडे डोळे वळतात का, डोकं किती वेगानं वाढतं, यावरून त्यांच्याही मनात अंदाज यायचा. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "येते ना मनात. माणूसच आहो. पण मनात आलेलं मी जिभेवर येऊ देत नाही. सांगतलं का हात ढिले पडतात. माहे पडतात, नर्सचे पडतात, मायचे तर पडतातच. मंग लेकरू तसंच निघते अन् आपण म्हणतो, पाहा, सांगतलं होतं!"

अंधश्रद्धेविरुद्धच्या आमच्या चळवळीची पत्रकं मी गावोगाव वाटत असे; हे वाक्य मी नंतर त्यात छापलं. बाईंचं नाव न घालता, कारण त्यांनी घालू दिलं नाही.

पण त्यांना कोणी भोळ्या आशेची पुतळी समजू नये. डोणगावचा एक मुलगा होता, सुधाकर. तोही आठमाशी, तोही जंतूंनी झोडपलेला. त्या वेळी नागपूरहून एक तरुण डॉक्टर काही महिन्यांसाठी बाईंच्या हाताखाली आला होता. हुशार, पुस्तकं वाचणारा. त्यानं खोक्याशी उभं राहून सांगितलं, "मॅडम, याचा मेंदू वाचलेला नाही. हा कधी बसणारही नाही." बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यालाच लेकराला दूध पाजायला बसवलं.

तो डॉक्टर बरोबर निघाला. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आम्हा चळवळीतल्या पोरांना आपल्या सोयीच्याच गोष्टी सांगायची खोड असते. सुधाकर बसला नाही, बोलला नाही. पुढे काही वर्षांनी तो डॉक्टर भेटायला आला, तेव्हा बाई त्याला घेऊन डोणगावला गेल्या. मीही बरोबर होतो. सुधाकरच्या आईनं कडुनिंबाच्या फांदीला गोणपाटाची झोळी बांधून त्याला त्यात टेकून ठेवलं होतं. आई जवळून गेली, तिच्या बांगड्या वाजल्या, आणि सुधाकर हसला. सगळ्या तोंडानं, लाळ गाळत हसला.

तरुण डॉक्टर हळूच म्हणाला, "मॅडम, मी म्हणालो होतो."

"हाव, म्हणाला होता," बाई म्हणाल्या. "बसणार नाही म्हणाला होता, बरोबर निघालं. हसंल म्हणाला होता का?"

 परतीच्या मोटारीत बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "चुकलेल्या भाकिताचं मले काही वाटत नाही रे. मले धाक बरोबर निघणाऱ्याचा वाटते. ते बरोबर निघालं तरी त्या मायचं दूध तोडायचा हक्क कोणाले मिळते?"

वच्छलाची गोष्ट माझ्या कानावर आली ती उंद्रीत पत्रकं वाटताना. गोदाबाईनंच सांगितली, दाराआड उभं राहून. माझं डोकं फिरलं. मी मनातल्या मनात मथळाही जुळवून टाकला: मोठ्या दवाखान्यानं वेडी ठरवलेली मुलगी हुशार निघाली! पुरावा तेवढा हवा होता. पुढच्या आठवडी बाजाराला गोदाबाई आणि पोरीला घेऊन मी बाईंच्या व्हरांड्यात हजर.

बाजाराचा दिवस हा बाईंचा खास दिवस. तुरी, कांदे, बैल घेऊन आजूबाजूच्या गावांतून माणसं येणारच; त्यांनी येताना खोक्यातून बरी होऊन गेलेली लेकरंही आणायची, असा त्यांचा हुकूम होता. जे चालतं ते, जे चालत नाही तेही. दर खेपेला नव्यानं पाहायचं. मागच्या खेपेला काय दिसलं होतं ते बाई आधी कोणाला बोलूच देत नसत. व्हरांड्यात सतरंजी, आणि त्यावर बाईंची हत्यारं: लाल काचेची बांगडी, गुळाचा खडा, टेप आणि बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. बांगडी डोळ्यांसाठी, गूळ हात पुढे करतं का ते पाहायला, घंटी कानांसाठी.

बाईंनी पोरीला मांडीवर घेतलं. डोकं मोजलं. उजवा पाय हलवून पाहिला. तो ताठ होता. बांगडी दाखवली; पोरीचे डोळे बांगडीमागे गेले. गूळ दाखवला; तिनं डावा हात झटक्यात पुढे केला आणि खडा तोंडात टाकला. मी लगेच म्हणालो, "पाहा बाई! हुशार आहे!"

"गप बस बे."

मग त्यांनी पोरीच्या मागे घंटी वाजवली. व्हरांड्यातली सगळी लेकरं वळली. पोरगी वळली नाही. बाई जवळ सरकल्या, पुन्हा वाजवली. नाही. अगदी डाव्या कानाशी नेली, जोरात वाजवली, तेव्हा पोरीनं चघळणं थांबवलं. थांबली. वळली नाही, पण थांबली.

बाईंनी घंटी खाली ठेवली. "गोदे, घरात हिले काय म्हणून हाक मारता?"

गोदाबाईनं मान खाली घातली. "येडी."

"ते तरी बरं, ऐकू गेलं नाही तिले."

त्या दुखण्यात पोरीचे कान गेले होते. दुखण्यानं गेले की औषधानं, बाईंनाही सांगता येईना. बहुतेक गेले होते, पूर्ण नव्हे. चार वर्षं जिला येडी म्हटलं तिनं वळून पाहिलं नाही, कारण तिला ऐकूच येत नव्हतं. आणि ती वळून पाहत नाही म्हणून ती येडी.

मी उसळलो. "बाई, लिहून द्या! त्या डॉक्टरनं साफ खोटं सांगितलं. पोरगी शहाणी आहे. शाळेत जाईल, शिकेल, मास्तरीण होईल!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला की त्या आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. "तो म्हणाला गोळा होईल. तू म्हणून राह्यला मास्तरीण होईल. त्यानं टाळू लांबून पाहिली, तू तर पाहिलीच नाही. फरक काय रे तुमच्यात? उद्या ही मास्तरीण नाही झाली तर तू हिले पत्रकातून काढून टाकशील."

"मग मी छापू काय?"

"छाप का हिले ऐकू कमी येते. छाप का पाय ताठ आहे, रोज तेल लावून ताणावा लागंल. छाप का गूळ आवडते."

मला त्या वेळी अपमान वाटला. मथळा गेला ना!

खरा पेच उंद्रीत होता. सासू ऐकेना. "सटवाईचं लिवलेलं डाक्टरीण खोडणार का?" पोरीशी बोलायचं नाही, तिच्यावर वेळ घालवायचा नाही, हे तिच्या लेखी ठरून गेलं होतं, आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. घरातलं कोणी जवळ बसून, तोंड दाखवून, कानाशी बोललं नाही तर पोरीला भाषा येण्याचं वय निघून जाणार होतं. बाईंना घाई होती ती त्याची. त्यांनी कॅनव्हासचे बूट घातले आणि मोटारीनं उंद्री गाठली. मी सोबत. मला वाटलं, आता बाई अंधश्रद्धेवर आसूड ओढतील. मी तर ऐकायलाच बसलो होतो.

बाई ओसरीवर मांडी घालून बसल्या. चहा घेतला. सासूच्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, "मावशी, हिच्या पाचवीले कागद ठेवला होता का तुम्ही?"

"नाई बाप्पा. डाक्टरनंच सांगतलं तर मंग..."

"म्हणजे सटवाई आली अन् तिले कागदच नाही भेटला?"

सासूचा हात तोंडाशी गेला.

"लेखणी?"

"नाई."

"पाटा?"

सासूनं नुसती नकाराची मान हलवली.

"मंग लिवलं कायच्यावर तिनं? डाक्टरच्या जिभेवर? तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बोलला, पोरीले हात नाही लावला त्यानं. सटवाई अशी लांबून लिहिते का? तुम्ही इतक्या पाचव्या केल्या, तुम्हीच सांगा."

म्हातारीनं गोठ्याकडे पाहिलं. मग उठली आणि पाटा धुवायला घेतला.

चार वर्षांच्या पोरीची पाचवी! तशी ती उंद्रीत कोणी पाहिली नव्हती. शेजारपाजारच्या बाया हसल्या, पण आल्या. मी बाईंना बाजूला घेऊन धुसफुसलो, "आपण हेच पूजत बसायचं का?" बाई म्हणाल्या, "त्या घराले एकच दार आहे बाबू. तू भिंतीतून जा, मी दारातून जाते." संध्याकाळी कोरा कागद, लेखणी, हळदकुंकू मांडलं. बाई त्या घरी मुक्कामाला राहिल्या.

सकाळी सगळ्यांनी मिळून कागद पाहिला. तो कोरा होता. तो नेहमी कोराच असतो. अदृश्य अक्षरं आपण मनानं वाचून घेतो. बाईंनी कागद उचलून सासूच्या हाती दिला. "पाहा मावशी. मले काही दिसत नाही. तुम्हाले दिसते का?"

"नाई."

"मंग काहीच ठरलं नाही. लेकराले हाक मारा."

नाव त्याच सकाळी ठेवलं. आत्यानं कानात कुर्र करायचं असतं. बाईंनी आत्याला डाव्या कानाशी बसवलं आणि सांगितलं, लाजू नको, ओरड. आत्यानं "वच्छला!" अशी आरोळी ठोकली की गोठ्यातला गोऱ्हा बिथरला. पोरगी हसली. नाव ऐकून हसली की कानात वारा गेला म्हणून, कोणाला कळलं नाही. गोदाबाईनं आशेनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मले नको विचारू. पुन्हा हाक मार."

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते खामगावच्या स्टेशनवर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, लेकराच्या हाताची शीर दिसेना, म्हणून त्यांनी काम सोडलं आणि बहिणीकडे निघाल्या. जलंबला जाणारी छोटी गाडी उभी होती. निरोपाला बाया लेकरं घेऊन आलेल्या. वच्छलाही आली होती, एव्हाना मोठी झालेली, पाय जरा ओढत. ती शाळेत जाते. तोंडाकडे पाहून काही शब्द ओळखते, काही बोलते. गणित तिला येत नाही. एवढंच. याहून गोड मी काही लिहिणार नाही. बाईंनी ती सवय मोडली.

गाडीनं शिट्टी दिली. बाई डब्याच्या दारात उभ्या होत्या. वच्छला गोदाबाईकडे तोंड करून काही सांगत होती. बाईंनी पिशवीतून ती पितळी घंटी काढली आणि तिच्या पाठीमागून वाजवली. वच्छला वळली.

बाया ओरडल्या, "ऐकू आलं! ऐकू आलं!" बाईंचा चेहरा काही फुलला नाही. कोणाला वाटलं असेल, आता जाता जाता तरी बाई दोन शब्द चांगले बोलतील. गाडी हलली होती, आणि त्या दांडीला धरून, वाकून, गोदाबाईला विचारत होत्या, "घंटी ऐकली का माही सावली पाहिली? आँ? सावली तर नाही पाहिली? उद्या पुन्हा पाहा!" हे "पुन्हा पाहा" मला फलाटाच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं.

त्यांच्या मागे दवाखान्याच्या विश्वस्तांनी त्या व्हरांड्याला जाळी ठोकली आणि आत रुईच्या गाठी रचल्या. बाजाराच्या दिवशी लेकरं येतात आणि कुलूप पाहून परत जातात. मी अर्ज केले, पत्रकं काढली. उत्तर मिळालं की आता कोणी येत नाही, व्हरांड्याची गरज उरली नाही.

म्हणून हे तुम्हाला. तुमच्या घरात, नाहीतर तुमच्या गल्लीत, असं एक लेकरू आहे. मला माहीत आहे, आहे. जन्मल्याबरोबर कोणीतरी त्याच्याविषयी एक वाक्य बोललं, आणि त्या दिवसापासून तुम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवलंत. हे वाचून हळहळू नका. तुमची हळहळ मला नको. येत्या बाजाराला त्या लेकराला आंघोळ घाला, नावानं हाक मारा, कडेवर घ्या आणि त्या जाळीसमोर आणून बसा. कुलूप निघेपर्यंत उठू नका.